कर्नलमधील मेमरी-वाटप आणि लॉकची समस्या

सारांश : ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधील मेमरी अॅलोकेटर हा सर्व प्रोसेसरांनी एकाच वेळी वापरावयाचा सामायिक घटक आहे. त्याचे रक्षण लॉकने करावे लागते. परंतु तोच लॉक प्रोसेसरांची संख्या वाढल्यावर अडथळा ठरतो. सोलॅरिस आणि लिनक्स या दोन प्रणालींच्या आधारे या समस्येचे स्वरूप व तिच्यावरील उपाय प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहेत.

बीजसंज्ञा : कर्नल, मेमरी अॅलोकेटर, लॉक, स्लॅब, प्रोसेसर.

१. प्रस्तावना

प्रत्येक प्रोग्रामला मेमरी लागते, हे सर्वज्ञात आहे. परंतु ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नललाही, स्वतःच्या कामासाठी सतत मेमरी लागत असते, याकडे सहसा लक्ष जात नाही. फाईल उघडणे, नेटवर्कवरून आलेले पॅकेट स्वीकारणे, नवी प्रोसेस सुरू करणे अशा प्रत्येक वेळी कर्नलला लहानमोठ्या नोंदींसाठी जागा हवी असते आणि काम संपल्यावर ती परत करावयाची असते. ही देवघेव सांभाळणारा घटक म्हणजे मेमरी अॅलोकेटर होय. कर्नलचे बहुतेक सर्व विभाग त्याच्यावर अवलंबून असल्यामुळे त्याची चूक सर्वांना भोवते आणि त्याचा विलंब सर्वांना सोसावा लागतो.

२. लॉकची आवश्यकता

मोकळ्या तुकड्यांची एक साखळी असते आणि तिच्या पहिल्या कडीचा पत्ता एका ठिकाणी नोंदलेला असतो, अशी कल्पना करू. मागणी आली की तो पत्ता वाचावयाचा, तो तुकडा मागणाऱ्याला द्यावयाचा आणि नोंदीत पुढच्या कडीचा पत्ता लिहावयाचा, एवढेच काम असते. एकच प्रोसेसर असेल आणि काम मध्येच तुटत नसेल, तर यात धोका नाही. मात्र दोन प्रोसेसरांनी एकाच क्षणी तो पत्ता वाचला, तर दोघांनाही एकच तुकडा मिळतो. एक त्यात फाईलची नोंद लिहितो, दुसरा त्याच जागी नेटवर्कची माहिती लिहितो. परिणामी दोन्ही बिघडतात आणि बिघाड मूळ जागेपासून फार दूर, कितीतरी वेळाने प्रकट होतो. अशा दोषाचा शोध घेणे अत्यंत कठीण असते.

म्हणून साखळीला हात लावण्यापूर्वी लॉक घ्यावा आणि काम झाल्यावर तो सोडावा, असा नियम केला जातो. कर्नलमध्ये बहुधा स्पिनलॉक वापरतात. लॉक मोकळा नसेल तर प्रोसेसर तो मोकळा होईपर्यंत पुनःपुन्हा तपासत राहतो.

येथे आणखी एक पेच आहे. एखाद्या प्रोसेसरने लॉक घेतलेला असताना त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला आणि इंटरप्ट हाताळणाऱ्या भागाने मेमरी मागितली, तर तो भाग त्याच लॉकची वाट पाहत राहील. लॉक धारण करणारे मूळ काम मात्र इंटरप्ट संपल्याशिवाय पुढे सरकू शकत नाही. दोघेही कायमचे अडकतात. यास्तव अशा ठिकाणी लॉक घेताना त्या प्रोसेसरवरील इंटरप्ट तेवढ्यापुरते थांबवावे लागतात.

३. एका लॉकच्या मर्यादा

सर्वांसाठी एकच लॉक ठेवणे सोपे व सुरक्षित असते. लिनक्समध्ये १९९६ च्या २.० आवृत्तीत अनेक प्रोसेसरांची सोय झाली, तेव्हा बहुतांश कर्नलभोवती एकच मोठा लॉक होता. त्याचे शेवटचे अवशेष २०११ मध्ये काढले गेले. प्रोसेसर दोन-चार असतात तोवर अशी व्यवस्था निभावते. संख्या वाढली की रांग लागते. शिवाय प्रत्यक्ष रांग नसली तरी खर्च असतोच. लॉकची नोंद असलेला मेमरीचा भाग एका प्रोसेसरच्या कॅशमधून दुसऱ्याच्या कॅशमध्ये सतत फिरत राहतो आणि या ये-जा करण्यात मूळ कामापेक्षा अधिक वेळ जाऊ शकतो.

४. विभागणी आणि स्वतंत्र साठे

सन मायक्रोसिस्टिम्सचे जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये स्लॅब अॅलोकेटरची मांडणी केली व सोलॅरिस २.४ मध्ये ती वापरली गेली. तीत एकाच प्रकारच्या वस्तूंसाठी एक वेगळा साठा आणि त्या साठ्यापुरता वेगळा लॉक असतो. त्यामुळे भिन्न प्रकारच्या मागण्या परस्परांना अडवत नाहीत. तथापि एकाच प्रकारच्या वस्तूची मागणी सर्व प्रोसेसरांनी केली, तर रांग पुन्हा लागते.

पुढील पाऊल बॉनविक आणि जोनाथन अॅडम्स यांनी २००१ मध्ये मांडले. गावाचे कोठार एकच असले, तरी रोजच्या मुठीभर धान्यासाठी कोणी कोठारात जात नाही. घरोघरी कणगी असते. त्याचप्रमाणे प्रत्येक प्रोसेसरला मोकळ्या वस्तूंची स्वतःची ‘मॅगझिन’ दिली जाते. ती रिकामी झाली की सामायिक साठ्यातून भरलेली मॅगझिन एकदम बदलून घेतली जाते. प्रत्येक प्रोसेसरजवळ अशा दोन मॅगझिन असल्यामुळे, एकीत १० वस्तू मावत असतील तर सामायिक लॉककडे दोनदा जाण्याच्या दरम्यान किमान १० व्यवहार जागच्या जागी उरकतात. सामायिक लॉकवर ताण वाढला की मॅगझिनचा आकारही आपोआप वाढविला जातो.

लिनक्समधील पृष्ठ-वाटपातही हेच तत्त्व आढळते. मेमरीच्या प्रत्येक झोनला एक लॉक आहे. परंतु प्रत्येक प्रोसेसरजवळ मोकळ्या पृष्ठांची यादी असून ती घाऊक प्रमाणात भरली व रिकामी केली जाते.

५. लॉकविना देवघेव आणि तिची किंमत

स्वतंत्र साठ्यांना किंमत मोजावी लागते. लिनक्समधील जुन्या स्लॅब पद्धतीत प्रोसेसर व मेमरी-विभाग यांच्या संख्येनुसार रांगा वाढत जात. हजाराच्या घरात प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर काही गिगाबाइट मेमरी केवळ या रांगांत अडकत असे. हा दोष दूर करण्यासाठी क्रिस्टोफ लॅमेटर यांनी ‘स्लब’ ही सुटसुटीत पद्धत रचली आणि २००७ मध्ये ती २.६.२२ या आवृत्तीत समाविष्ट झाली. पुढे २०२४ मधील ६.८ या आवृत्तीत जुनी स्लॅब पद्धत काढून टाकण्यात आली.

२०११ पासून स्लबचा नेहमीचा मार्ग लॉकविना चालू लागला. साखळीचा पत्ता आणि एक व्यवहार-क्रमांक अशी जोडी वाचली जाते. नंतर ‘जोडी जशीच्या तशी असेल तरच बदल कर’ अशी एकच अखंड सूचना प्रोसेसरला दिली जाते. मधल्या काळात दुसऱ्या कामाने साखळी बदलली असेल, किंवा मूळ काम अन्य प्रोसेसरवर हलविले गेले असेल, तर बदल होत नाही व प्रयत्न पुन्हा केला जातो. केवळ पत्ता तपासणे पुरेसे नसते. कारण तोच तुकडा दिला जाऊन परतही आलेला असू शकतो, आणि दरम्यान साखळीचा पुढचा भाग बदललेला असतो. व्यवहार-क्रमांक प्रत्येक वेळी वाढत असल्याने हा बदल लक्षात येतो.

लॉक मात्र नाहीसा झालेला नाही. स्थानिक साठा संपला किंवा सामायिक याद्यांत फेरबदल करावयाचा झाला, की तो घ्यावाच लागतो. इंटरप्ट थांबविण्याचा प्रश्नही राहतोच. ज्या यंत्रणेत ठरावीक वेळेत प्रतिसाद मिळणे बंधनकारक असते, तेथे असा खंड बाधक ठरतो. यासाठी २०२१ च्या ५.१५ आवृत्तीत स्लबमधील लॉकची फेरमांडणी झाली. तत्काळ-प्रतिसादाची व्यवस्था २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीपासून मुख्य लिनक्समध्ये उपलब्ध झाली.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, या समस्येवरील परिणामकारक उपाय अधिक वेगवान लॉक शोधण्यात नसून सामायिक वस्तूंना हात लावण्याचे प्रसंग कमी करण्यात सापडला. त्याबदल्यात काही मेमरी स्थानिक साठ्यांत अडकून राहते आणि रचनेची गुंतागुंत वाढते. संगणकशास्त्राच्या अध्यापनात लॉक ही संकल्पना बहुधा दोन प्रक्रियांच्या उदाहरणापुरती शिकविली जाते. लॉक बरोबर आहे एवढ्याने भागत नाही, तो किती वेळा व किती जणांना घ्यावा लागतो हेही पाहावे लागते, ही बाब विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास मेमरी अॅलोकेटरचे उदाहरण उपयुक्त ठरू शकते.