टिळकांचा दरबार आणि पाळकांवरचे इनाम

मिरजेत 'मिशन हॉस्पिटल' म्हटले की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले. 1894 मध्ये त्यांनी इस्पितळ उघडले आणि 1897 मध्ये वैद्यकीय शिक्षणही सुरू केले. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता, तो कुणी झाकून ठेवलेला नव्हता. तरी रोगी येत राहिले. डॉक्टरच्या हाताला गुण आहे ना, मग त्याच्या देवाचे त्याच्यापाशी, असा रोखठोक हिशेब या मुलखाने घातला.

साताऱ्यात मात्र मिशनला प्रश्न विचारला तो एका ख्रिस्ती कवीनेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केले. तुकोबांचे बोट धरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा. देशाभिमान कडवा, आणि पगार परदेशी मिशनचा! हे ओझे त्यांनी 1917 मध्ये उतरवले, नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ख्रिस्ताचा शिष्य ओळखायचा तो वागण्यावरून, मंडळीच्या वहीतल्या नावावरून नव्हे. 9 मे 1919 रोजी टिळक वारले आणि दरबाराचा आधारच गेला. संस्था म्हणून तो फसला, हे मान्य करायला हवे. ख्रिस्ती कुणाला म्हणायचे, हा त्याने उभा केलेला प्रश्न मात्र फसला नाही.

जून 2025 मध्ये तो सांगलीत फार वेगळ्या सुरात ऐकू आला. एका गर्भवती विवाहितेने आत्महत्या केली. सासरकडून धर्मांतराचा दबाव होता, असा माहेरचा आरोप. आरोप गंभीर; त्याचा तपास पोलिसांनी आणि निवाडा न्यायालयाने करायचा. पण जतचे भाजप आमदार गोपीचंद पडळकर यांनी धर्मांतर करणाऱ्या पाद्र्यांना मारणाऱ्यांसाठी 3 लाखांपासून 11 लाखांपर्यंत इनामे जाहीर केली. त्याविरुद्ध जुलैत मुंबईच्या आझाद मैदानावर ख्रिस्ती समाजाने निदर्शने केली. 2011 च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती होते 0.96 टक्के.

माणूस वागण्यावरून ओळखायचा हा टिळकांचा निकष अमेरिकेत नेमका उलट्या दिशेने सुटला. खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक काम सचोटीने करू शकेल का, या प्रश्नावर 2011 च्या एका पाहणीत 30 टक्के गोरे इव्हँजेलिकल ख्रिस्ती 'हो' म्हणाले होते. 2016 मध्ये, ट्रम्प उमेदवार असताना, हा आकडा 72 वर गेला. तिकडे नेता आपला म्हणून त्याच्या चारित्र्याची चौकशी थांबली; इकडे एका घरावरच्या आरोपावरून अख्ख्या समाजाचे चारित्र्य पिंजऱ्यात उभे राहिले.

त्यात जातीच्या दाखल्याची मेख आहेच. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले; ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणून बाप्तिस्म्याविना प्रार्थनेला बसणाऱ्या दलिताकडे, टिळकांनी ज्याला मानाने बसवले असते त्याच्याकडे, दाखल्यासाठी धर्म लपवणारा म्हणून बोट दाखवले जाते. या दर्जाचा विचार करायला केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. त्याला दोन वर्षांची मुदत होती, ती पुढे वाढवावी लागली.