कसताना तुटला की सोडवताना?

गणपती गावाला गेले, पाऊस ओसरला, की रत्नागिरीतल्या गॅरेजांसमोर मोटारसायकलींची रांग लागते. चार महिने भिजलेल्या गाड्या, चाकांना लाल माती, सायलेन्सरला गंज. मेस्त्री सायलेन्सर उतरवायला स्टडवर पाना लावतात, जोर देतात, आणि हातातला पाना एकदम हलका होतो. तुटल्याचं हाताला आधी कळतं, डोळ्यांना नंतर दिसतं. मग आजूबाजूला उभे असलेले सगळे सल्ले द्यायला लागतात. त्या सल्ल्यांत अर्धं खरं असतं, पण उरलेल्या अर्ध्यामुळे शंभर रुपयांचं काम हेड बदलण्यापर्यंत जातं. म्हणून हे सविस्तर सांगतो आहे.

पहिला शेरा ठरलेला असतो: बोल्ट हलक्या प्रतीचा होता. क्वचित ते खरंही असतं. पण आकडे बघा. इंजिनच्या कव्हरला लागणारा सहा मिलिमीटरचा बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरला कसायचा असतो. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला जेमतेम पाच किलोचा जोर. त्याच्या दीड-दोन पट जोर पडला की चांगल्या प्रतीचा बोल्टही पिळवटून तुटतो, आणि लांब दांड्याच्या पान्यानं तेवढा जोर कुणाच्याही हातून सहज पडतो. बोल्टच्या डोक्यावरचा 8.8 हा आकडा तोच हिशेब सांगतो. पहिला 8 म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे 800 न्यूटनचा ताण सहन करण्याची ताकद. दुसरा 8 म्हणजे त्या ताकदीच्या 80 टक्क्यांवर गेलं की बोल्ट कायमचा ताणला जातो. 'आणखी एक पीळ दे, म्हणजे सुटणार नाही' असं म्हणताना आपण त्याला त्या रेषेपलीकडे नेत असतो.

आता रत्नागिरीची खास गोष्ट. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारं वारं वाहतं. भाट्याच्या पुलावरून रोज जा-ये करणारी, मिरकरवाडा बंदरात मासळीच्या पाट्या उचलणारी किंवा आरे-वारेच्या किनाऱ्यानं गणपतीपुळ्याला जाणारी गाडी मीठ अंगावर घेऊनच घरी येते. इंजिनचं कव्हर ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा, मध्ये खारं पाणी. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये मिठाचं पाणी आलं की ती एक छोटी बॅटरीच होते, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि आट्यांमध्ये पाचर मारल्यासारखी बसते. बंदरातल्या बोटवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बोटीच्या पंख्याजवळ ते जस्ताचे ठोकळे लावतात, ते याचसाठी: जस्त आधी खपतं आणि बाकीचा धातू वाचतो. हंफ्री डेव्ही यांनी 1824 साली ब्रिटिश आरमाराच्या तांबं मढवलेल्या जहाजांसाठी हा उपाय सुचवला होता.

इथूनच एक लोकप्रिय गैरसमज उघडा पडतो. 'समुद्राजवळ राहतोस ना, मग सगळे बोल्ट स्टेनलेसचे टाक.' स्टेनलेसचा बोल्ट स्वतः चकचकीत राहतो, पण खाऱ्या पाण्यात शेजारचं ॲल्युमिनियम त्याच्यामुळे जास्तच खपतं. बाहेरून सगळं छान दिसतं आणि आत आटे पांढरे पडत जातात. शिवाय बाजारात नेहमी मिळणारा ए2-70 दर्जाचा स्टेनलेस बोल्ट ताकदीनं 8.8 पेक्षा कमी असतो. कंपनी जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट देते, त्यामागे हाच विचार आहे. तो मुलामा आधी झिजतो आणि कव्हर वाचवतो. स्टेनलेस वापरायचंच असेल तर आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय नको.

तुटलेल्या बोल्टबाबत सगळ्यात मोलाचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही: तो कसताना तुटला की सोडवताना?

कसताना तुटला असेल तर नशीब बलवत्तर. जोर जास्त झाला म्हणून तो तुटला, पण डोकं गेलं की ताण सुटतो आणि उरलेला तुकडा आट्यांत सैल बसलेला असतो. टोकदार पंचनं कडेला उलट्या दिशेनं हलके टोले दिले, तरी अनेकदा तो फिरत बाहेर येतो. सोडवताना तुटला तर गोष्ट वेगळी. इथे तुकड्याला आट्यांनी घट्ट धरलं आहे, इतकं की बोल्टचा दांडा तुटला पण पकड सुटली नाही.

हा फरक ध्यानात घेतला की 'इझी आउट'बद्दलचा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज कळतो. उलट्या पिळाचं, निमुळतं, कडक पोलादाचं ते हत्यार. तुकड्यात मधोमध भोक पाडायचं, त्यात ते ठोकून उलटं फिरवायचं, की तुकडा बाहेर, अशी समजूत आहे. सैल तुकड्याला ते खरोखर लागू पडतं. पण जाम तुकड्याचा हिशेब करा. सहा मिलिमीटरचा अख्खा दांडा जिथे तुटला, तिथे त्याच्या पोटात मावणारं तीन मिलिमीटरचं हत्यार त्याहून जास्त जोर कसा सोसणार? त्यात ते निमुळतं असल्यामुळे आत शिरताना तुकड्याला फुगवतं, म्हणजे पकड आणखी आवळतं. आणि ते तुटलं की पुढे साधं ड्रिल चालत नाही, कारण ते ड्रिलइतकंच कडक असतं. माझ्या स्वतःच्या गाडीच्या हेडमध्ये असं झालं होतं. तो 'टिक' आवाज मोठा नव्हता, पण त्यानंतर गॅरेजमध्ये कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून जाम तुकड्याला कुणी थंड इझी आउट लावताना दिसलं तर मी थांबवतो.

मग काय करायचं? आधी वेळ द्यायचा. 'डब्ल्यूडी-40 मारला, लगेच पाना लाव' हा प्रकार रोज दिसतो. 1953 साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये रॉकेट केमिकल कंपनीनं ते बनवलं ते पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी. पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयत्न जमला, म्हणून नावात 40. ते निरुपयोगी नाही, पण जाम आट्यांत शिरायला कुठल्याही तेलाला रात्र लागते, मग ते डब्यातलं असो की रॉकेल. तेल सोडायचं, हलके टोले द्यायचे, पुन्हा सोडायचं. बोल्टचं डोकं अजून शाबूत असेल तर सोडवण्याआधी किंचित कसून बघा. भुकटीची पकड मोडायला ते पुरेसं ठरतं.

तेलाहून भरवशाची उष्णता. पण इथेही एक जुना समज आडवा येतो: 'गरम केलं की धातू फुगतो, मग भोक आवळणार.' उलट होतं. लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतो ते आठवा. धाव तापवली की तिचं भोक मोठं होतं, म्हणूनच ती लाकडी चाकावर बसते आणि निवल्यावर आवळते. भोकाभोवतीचा धातू पसरतो तेव्हा भोकही पसरतं. त्यात ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. सहा मिलिमीटरच्या भोकाभोवती 100 अंश तापमान वाढवलं की दोन्हींमध्ये सुमारे सहा-सात हजारांश मिलिमीटरचा फरक पडतो. आकडा छोटा वाटतो, पण चिकटलेली भुकटी फोडायला तो बरेचदा पुरतो. आधी पेट्रोलची टाकी उतरवायची आणि मगच ज्योत लावायची, हे मात्र विसरू नका.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तुकड्यावर नट वेल्ड करणं, आणि त्यालाच लोक जास्त घाबरतात. 'ॲल्युमिनियम वितळेल, कव्हर जाईल.' ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि पोलाद सुमारे 1500 ला, त्यामुळे भीती अगदीच निराधार नाही. पण पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही, आणि ॲल्युमिनियम उष्णता चटकन आजूबाजूला पसरवतं. कुशल वेल्डर तुकड्यावर नट ठेवून मधलं भोक काही सेकंदांत भरतो. तुकडा लालबुंद होतो, निवताना आक्रसतो, आणि वर पाना लावायला नवं डोकंही मिळतं. भाग गाडीवरच असेल तर बॅटरीची तार आणि इलेक्ट्रॉनिक युनिटचे कनेक्टर आधी काढायचे, आणि अर्थचा चिमटा त्याच भागाला लावायचा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही.

ड्रिल मारायची पाळी आलीच तर सगळं यश सेंटरमध्ये आहे. तुटलेलं तोंड तिरकं असतं, त्यावरून ड्रिल घसरतं आणि शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं. तोंड सपाट घासा, सेंटर पंच मारा, बारीक ड्रिलनं सुरुवात करा. नेमकं मधोमध पाच मिलिमीटरचं भोक पडलं तर सहाच्या बोल्टच्या फक्त आट्यांचा पत्रा उरतो आणि तो टोकानं सोलून काढता येतो. हातातल्या ड्रिलनं हे साधेल असं धरून चालू नका. भाग उतरवून लेथवाल्याकडे न्यावा.

आत इझी आउट किंवा आटे पाडायचा टॅप तुटून बसला असेल तर तो भाग फेकण्याआधी दोन उपाय आहेत. एक स्पार्क इरोजन. सोव्हिएत संघातल्या लाझारेंको दांपत्यानं 1943 मध्ये शोधलेली ही पद्धत ठिणग्यांनी धातू कण कण उडवते, म्हणून कडकपणा आड येत नाही. पुण्या-कोल्हापुरातल्या टूलरूममध्ये ही यंत्रं असतात. आंबा घाट चढून जावं लागलं तरी नव्या हेडपेक्षा स्वस्त पडतं. दुसरा उपाय ऐकून लोक हसतात: तुरटी. घड्याळजी पितळी तबकडीत तुटलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात विरघळवत आले आहेत. ते पाणी पोलाद हळूहळू खातं, पितळ राहतं. ॲल्युमिनियमच्या छोट्या, पूर्ण सुट्या भागावरही ही युक्ती वापरतात. मात्र त्या भागात दुसरं काहीही पोलादी, बेअरिंग किंवा लायनर, राहिलेलं चालत नाही.

आटे गेले आणि मेस्त्रींनी हेलिकॉइल सुचवला तर 'जुगाड नको' म्हणू नका. स्टेनलेसच्या तारेचे ते आटे विमानांच्या भागांत मुळातच बसवतात, आणि ॲल्युमिनियममधल्या मूळ आट्यांपेक्षा ते टिकाऊ असतात. नवा बोल्ट बसवताना आट्यांना कॉपर ग्रीसचा पातळ हात फिरवा. आणि ग्रीस लावल्यावर पुस्तकातल्या आकड्यापेक्षा पंधरा-वीस टक्के कमी कसा, कारण निसरड्या आट्यांत तेवढ्याच जोरानं बोल्ट जास्त ताणला जातो.