यंत्राची बुद्धी : पहिला पाठ



कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द आता हसनाबादसारख्या गावीही नवा राहिलेला नाही. बारावी झालेली मुले विचारतात, "सर, विद्यापीठात हा विषय घेतला, तर तिथे शिकवतात तरी काय? आणि मराठी शाळेतून आलेल्या आम्हांला तो झेपेल काय?" या दोन प्रश्नांचा आज विचार करू.

विषय तसा अगदी कालपरवाचा नव्हे. यंत्राला विचार करता येईल काय, या प्रश्नावर ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९५० साली निबंध लिहिला. १९५६ साली अमेरिकेत डार्टमथ येथे विद्वान जमले आणि जॉन मॅकार्थी यांनी सुचवलेले नाव या शास्त्राला चिकटले. आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणक बांधला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले.

आता पहिला धडा पाहू. त्याचे नाव 'शोध'. समजा, दुधाची दोन भांडी आहेत, एक पाच लिटरचे, दुसरे तीन लिटरचे. खुणा कशावरच नाहीत. नेमके चार लिटर दूध मोजायचे कसे? पाचाचे भरा, त्यातून तिनाचे भरा. मागे दोन उरतात. तिनाचे कॅनमध्ये रिकामे करून ते दोन त्यात ओता. पाचाचे पुन्हा भरा आणि त्यातून तिनाचे काठोकाठ करा. तिथे एकच लिटर मावतो, म्हणून मागे राहतात चार! आपल्याला हे सुचते. यंत्राला सुचत नाही. प्रत्येक भरण्या-ओतण्यातून कोणती स्थिती येते, याची ते नोंद ठेवते आणि एकेक वाट तपासत जाते. वाटा फार झाल्या, की आधी कोणती धरावी, हे ठरवण्याच्या रीती विद्यार्थी शिकतो.

दुसरा धडा संभाव्यतेचा. ढग आले म्हणजे पाऊस येईलच असे नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तो 'बहुतेक' यंत्राला आकड्यांत मांडून द्यावा लागतो.

तिसरा धडा उदाहरणांवरून शिकण्याचा. कपाशीच्या बोंडांची हजार छायाचित्रे घेतली. कोणते किडके, कोणते निरोगी, हे जाणकाराने प्रत्येकावर लिहिले. त्यांतली आठशे यंत्राला दाखवायची आणि दोनशे झाकून ठेवायची. परीक्षा त्या झाकलेल्या दोनशेंवरच घ्यायची. का बरे? कारण यंत्रही घोकंपट्टी करते! पाहिलेले सारे बरोबर सांगते आणि नवे बोंड पुढे आले की चुकते. शिवाय जाणकारानेच चुकीचे लिहिले असेल, तर यंत्र तीच चूक शिकते. म्हणून यंत्राचे उत्तर कितीही ठाशीव असले, तरी ते कोणत्या उदाहरणांवरून आले, हे विचारलेच पाहिजे. हा प्रश्न विचारता येणे, हेच या अभ्यासाचे मोठे फळ होय.

राहता राहिली झेपण्याची गोष्ट. पाया गणिताचा आहे. संभाव्यता व सांख्यिकी ही प्रकरणे २०१८ साली आलेल्या दहावीच्या मराठी पुस्तकातही आहेत. पुढे सारणी, म्हणजे मॅट्रिक्स, आणि कलनशास्त्र यांची जोड लागते. संगणकाला सूचना लिहिण्यासाठी बहुधा पायथन ही भाषा वापरतात. पुस्तके मुख्यत्वे इंग्रजीत, हे खरे. सुरुवातीला ती जड जातात. पण धडा आधी आपल्या भाषेत उमगला, तर इंग्रजी शब्द हळूहळू अंगवळणी पडतात. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'स्वयम्' व्यवस्थेवर असे पाठ विनाशुल्क ऐकता येतात. शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला.

शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती. 'परीक्षेला कमी गुणांचे आहे' म्हणून संभाव्यतेचे प्रकरण उरकू नका. वर्गात नाणे उडवा, पन्नास वेळा उडवा, मुलांना नोंदी करू द्या. आणि घरचा अभ्यास कोणी यंत्राकडून लिहून आणला, तर न रागावता एवढेच विचारा, "हे उत्तर बरोबर कशावरून?" ते सांगण्यासाठी मुलाला स्वतः गणित करावेच लागेल. पुढे विद्यापीठातही त्याला हेच करायचे आहे.