माणसं मोजणाऱ्या, माणसांशी बोलणाऱ्या इरावतीबाई

वसईत सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती यांची घरची बोली एकच, कादोडी. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, पुढे धर्म वेगळे झाले. बोली मात्र राहिली आणि आपल्याच माणसांत सोयरीक जुळवण्याची रीतही दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. असं का होतं, याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचं आहे : जात म्हणजे मुळात आपसात लग्नं करणाऱ्यांचं वाढत गेलेलं गणगोत.

हे त्यांनी घरबसल्या ठरवलं नव्हतं; मोजून मगच बोलायची त्यांची सवय जुनी. बर्लिनमधले त्यांचे डॉक्टरेटचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर कवटीच्या असमान ठेवणीत युरोपीय वंशाचं श्रेष्ठत्व शोधत होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि या असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असं प्रबंधात लिहून दिलं. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध, पंचविशीच्या आत!

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. मोजमाप सुरूच होतं, आता जातींचं. कुंभारांचंच घ्या. बाहेरच्याला सगळे कुंभार सारखेच. पण कुणी थोरचाके, कुणी लहानचाके. चाक वेगळं, ते फिरवण्याची तऱ्हा वेगळी आणि एकमेकांत लग्नव्यवहार नाही. एक जात फुटून पोटजाती झाल्या, हा समज इथे टिकत नाही. मुळातच वेगळे असलेले गट एका धंद्याच्या नावाखाली आले, असा त्यांचा निष्कर्ष.

हे सगळं इंग्रजी ग्रंथांतच राहिलं असतं, तर आपल्यापर्यंत पोचलं नसतं. बाईंनी मराठीत ललित लेख लिहिले. वारीवरच्या लेखात एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा बायका वेगळ्या जेवताना दिसतात. आपण मराठा बायकांच्या पंगतीला बसल्यावर त्या बायका अधिक मोकळ्या झाल्या, हेही बाई नोंदवतात. ‘युगान्त’मध्ये त्यांनी महाभारतातली नाती तपासली, त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माझ्या मते हे संशोधनाचं सोपं रूपांतर नव्हे, संशोधनच आहे.

त्यांचा १९५३ चा नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ प्रांतोप्रांतीच्या नातेवाचक शब्दांवर उभा आहे. असे शब्द वसईतही आहेत, पण वसई-विरारची वस्ती २०११ मध्येच बारा लाखांवर गेली होती; या गर्दीत ते हरवायला वेळ लागणार नाही. कादोडी, वाडवळी अशा इथल्या बोली बोलणारे आजी-आजोबा घरात असतील, तर मावशी, आत्या, दीर, नणंद यांना ते काय म्हणत, मुली कोणत्या गावी दिल्या, हे आजच वहीत उतरवून घ्या.