जीपीएस, वायरलेस मध्येच बंद पडतोय? आधी जोड तपासा



समुद्रात जीपीएस, फिशफाइंडर आपोआप बंद होऊन परत चालू होत असेल तर सेट लगेच दुरुस्तीला टाकू नका. बऱ्याचदा सेट चांगला असतो, खाऱ्या हवेने जोड गंजलेला असतो.

नुसत्या बॅटरीला मीटर लावला की १२.६ व्होल्ट दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो. पण वायरमधला दोष करंट वाहतानाच कळतो. म्हणून बंदरातच सगळे सेट चालू करा. एकाने वायरलेसचं बोलायचं बटण चार-पाच सेकंद दाबावं (१६ नंबर चॅनेलवर नको, तो संकटासाठी आहे). तेवढ्यात दुसऱ्याने बॅटरीवर आणि मग तसंच सेटच्या प्लगवर व्होल्ट मोजावेत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष वाटेत आहे. फ्यूज होल्डर बघा, निगेटिव्ह वायरही बघा. तिच्याकडे कुणी बघतच नाही. तांबं हिरवं-काळं पडलेलं असेल तर घासत बसू नका, चांगली तार लागेपर्यंत कापा. पिळून टेप मारलेला जोड बोटीवर टिकत नाही.

इंजिन स्टार्ट करतानाच सेट बंद होत असेल तर बॅटरी कमजोर आहे का ते तपासून घ्या.

फ्यूजच्या जागी तार घालू नका, आग लागेल.