सोळाशे मीटर आणि चार वर्षं

सक्तीच्या लष्करी सेवेची चर्चा पुन्हा रंगात आली आहे. जर्मनीत २०२६ च्या १ जानेवारीपासून २००८ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना अठरावं लागताच लष्कराची प्रश्नावली भरून द्यावी लागते. डेन्मार्कने मुलींनाही भरतीच्या चिठ्ठीत ओढलं, क्रोएशियाने दोन महिन्यांचं सक्तीचं प्रशिक्षण परत आणलं. या बातम्या आल्या की आपल्याकडेही कुणीतरी हमखास सुचवतं की प्रत्येक पोराला दोन वर्षं सैन्यात धाडा, आपोआप शिस्त लागेल. सुचवणाऱ्याचा स्वतःचा मुलगा तेव्हा बहुधा परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरत असतो.

अशांनी एकदा संकेश्वरला उतरावं. मिरचीसाठी नाव कमावलेलं हुक्केरी तालुक्यातलं हे गाव पुणे-बंगळुरू महामार्गावर आहे, आणि या पट्ट्यात निपाणीपासून बेळगावपर्यंत भल्या पहाटे सर्व्हिस रोडवर पोरं पळताना दिसतात. त्यांच्या बोलण्यात ‘सोळाशे’ म्हणजे सोळाशे मीटर, चारशेच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर साठ गुण. मग लोंबकळून बीम काढायचे, दहा काढले की चाळीस. नऊ फुटांचा खड्डा आणि नागमोडी पट्टीवरचा तोल यांना गुण नाहीत, तिथे फक्त पास किंवा नापास. त्यापुढे छाती ७७ सेंटिमीटर, फुगवून ५ जास्त. त्यापुढे मेडिकल, जिथे सपाट तळव्यांपायी वर्षभराची मेहनत पाच मिनिटांत संपते. २०२३ पासून या सगळ्याच्या आधी ऑनलाइन परीक्षाही आली.

अशा गावात सक्ती करायची कुणावर? नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रादेशिक सेनेच्या भरतीला कोल्हापूर-बेळगावात मोजक्या जागांसाठी लोटलेली गर्दी आठवावी. वर महाराष्ट्र-कर्नाटक सीमेची गंमत आहेच. गडहिंग्लजचा मुलगा कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडे जातो, आणि तिथून एका छोट्या एसटी प्रवासावर असलेल्या संकेश्वरचा बेळगावच्या. मराठी तीच, वावर तसंच, पण एक सातारा-सांगलीच्या पोरांशी स्पर्धा करतो आणि दुसरा बिदर-रायचूरच्या. सीमाप्रश्नाचा हा कोपरा कुठल्याही ठरावात सापडत नाही.

बेळगावला १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. या रेजिमेंटची पहिली पलटण, ‘जंगी पलटण’, १७६८ ची. म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षं इथला माणूस आपल्या पायांनी चालत भरतीला जातो आहे. त्यामुळे ‘सक्ती की स्वेच्छा’ हा युरोपातला वाद जसाच्या तसा उचलून इथे मांडला की तो लटका वाटतो. आपल्याकडचा खरा वाद जुना आहे आणि निराळा आहे: स्वेच्छेने येणाऱ्याला बदल्यात काय मिळणार?

लोकमान्य टिळकांनी तो रोखठोक घातला. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षात, १९१८ मध्ये, सरकारला माणसं हवी होती आणि गांधीजी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी पायपीट करत होते. टिळकांनी त्यांना पन्नास हजारांचा धनादेश पाठवला. हिंदी माणसाला लष्करात अधिकारपदं देण्याचं वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, नाही दिली तर हे पैसे जप्त. गांधीजींना सौदा रुचला नाही, त्यांनी धनादेश परत केला. नैतिक उंची कुणाची जास्त हे ज्याने त्याने ठरवावं. पण शिपायाच्या बाजूने हिशेब मांडला तो टिळकांनी.

याहून मोठी गोष्ट बेळगावातच घडली, आणि बेळगावकर ती क्वचितच सांगतात. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्रजांनी ‘लढाऊ जातीं’चं खूळ डोक्यात घेतलं आणि महारांची भरती बंद केली. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांच्या पिढीला पलटणीने शाळा दिली होती, पगार दिला होता, गावगाड्याबाहेर मान दिला होता. ते दार बंद झालं. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. १९१७ मध्ये युद्धाची निकड होती म्हणून महारांची एक पलटण उभी राहिली आणि युद्ध सरताच १९२१ मध्ये मोडलीही. गरज सरो आणि वैद्य मरो याचं इतकं ठळक सरकारी उदाहरण शोधून सापडणार नाही.

अखेर १९४१ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण मंडळात गेले, त्यांनी हा विषय लावून धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात महार रेजिमेंटची पहिली बटालियन बेळगावला उभी राहिली. जगात इतरत्र माणसं सक्तीची भरती टाळायला देश सोडत होती, आणि इथे एका समाजाने जवळपास पन्नास वर्षं, आम्हालाही भरती होऊ द्या, म्हणून अर्ज केले होते. ‘स्वयंसेवी सेना’ म्हटलं की दार सगळ्यांना उघडं असतं, असं धरून चालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

राज्यघटनेने सक्तीला मज्जाव केलेला नाही, हे मात्र खरं. कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं आणि त्याच कलमाचा दुसरा भाग सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा सरकारला देतो. अट एकच, त्यात केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यावरून भेदभाव नको. १९६२ च्या पराभवानंतर या वाटेवर एक पाऊल पडलंही होतं. १९६३ मध्ये कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली आणि पाच वर्षांतच ती सक्ती गुंडाळली गेली. आकडे तर आणखी आडवे येतात. दरवर्षी एक कोटीहून अधिक मुलगे अठरा वर्षांचे होतात आणि आपलं खडं लष्कर बारा लाखांच्या आसपास. सगळ्यांना घ्यायचं तर निवारा, बूट, बंदुका आणि शिकवणारे हवालदार आणायचे कुठून? म्हणजे चिठ्ठ्या टाकणं आलं.

चिठ्ठ्यांचं काय होतं ते अमेरिकेने दाखवलंय. १ डिसेंबर १९६९ ला तिथे वर्षाच्या ३६६ तारखा निळ्या कुप्यांत भरून काचेच्या बरणीतून काढल्या गेल्या. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या दिवशी जन्मलेले सर्वांत आधी. नंतर संख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कुप्या नीट ढवळल्याच नव्हत्या, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे नंबर जास्त लवकर लागले. ज्यांच्यापाशी कॉलेजचा प्रवेश किंवा ओळखीचा डॉक्टर होता त्यांना तोवर सवलती मिळतच होत्या. सक्तीने गरीब-श्रीमंत एका रांगेत येतात हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण अनुभव त्याच्या बाजूने नाही. १९७३ मध्ये अमेरिकेने सक्ती सोडली. जर्मनीचा नवा कायदाही आधी सुमारे २६०० युरोंच्या मासिक पगाराचं आमिष दाखवतो. तेवढ्याने माणसं आली नाहीत तरच संसद पुढचं ठरवणार.

आता आपल्या ‘अग्निपथ’कडे, म्हणजे जवानांना ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांसाठी घेणाऱ्या २०२२ च्या योजनेकडे. योजनेचं मूळ सांगणारा सर्वांत रोचक साक्षीदार मराठी आहे: माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे. त्यांच्या आठवणींचे २०२३ च्या डिसेंबरात वृत्तसंस्थेने दिलेले अंश वाचण्यासारखे आहेत. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी पंतप्रधानांपुढे मांडलेली कल्पना छोटी होती, मर्यादित जवानांना अल्पमुदतीची नोकरी. परत आली ती सगळी भरती आणि तिन्ही दलं कवेत घेणारी योजना. लष्कराचं मत होतं मुदत संपल्यावर पंचाहत्तर टक्के ठेवावेत, पंचवीस सोडावेत. जाहीर झालं नेमकं उलटं. पहिल्या वर्षाचा पगार तर वीस हजारच सुचवला होता. लष्कराने नको म्हटल्यावर तो तीस झाला.

त्या तीस हजारांतले नऊ हजार सेवानिधीत जातात, हातात एकवीस. सरकार तितकीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. नियमित जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षं पुरतात. या पट्ट्यातली कितीतरी घरं, विहिरी आणि मुलींची शिक्षणं त्या पेन्शनवर उभी आहेत. लष्कर तरुण हवं, पेन्शनचा बोजा शस्त्रखरेदी खातो, हे सरकारचं म्हणणं पोकळ नाही. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये योजनेत हात घालायला नकार दिला. पण बचत कुणाच्या खिशातून होते आहे, हे बोलायचंच नाही असं थोडंच आहे?

लष्करातल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं. २०२६-२७ च्या हिवाळ्यात त्यांची चार वर्षं भरतील आणि चारातले तीन घरी परततील, बावीस-पंचविशीतले, बंदूक चालवता येणारे, पुन्हा अर्ज भरणारे. केंद्रीय पोलिस दलांत त्यांना १० टक्के आरक्षण २०२२ मध्ये जाहीर झालं होतं. पण तिथे पुन्हा शून्यापासून शिपाई व्हायचं. योजनेत शब्द आहेत ‘पंचवीस टक्क्यांपर्यंत’. हे प्रमाण बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही, मंत्रिमंडळाची एक बैठक पुरते. ती व्हायची असेल तर पहिल्या तुकडीच्या ट्रंका रेल्वेत चढण्याआधी व्हायला हवी.