नंबर नाही लागला, मग?

नीटचा निकाल आणि धानाची रोवणी चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे मागेपुढेच येतात. बांध्यांत चिखलणी सुरू असते आणि ओट्यावर चौकशी एकच : पोरीचा नंबर लागला का? नंबर म्हणजे एमबीबीएसचा. बीएस्सी नर्सिंग मिळालं तर लोक 'बरं झालं' म्हणतात, पेढे मागत नाहीत.

२०२५ चे आकडे घ्या. परीक्षा दिली २२ लाखांवर मुलांनी, पात्र ठरली सुमारे १२ लाख ३६ हजार, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा १ लाख १८ हजारांच्या आसपास. तेव्हा 'पात्र' हा शब्द फार मनावर घेऊ नये. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय मेडिकल आहे, गडचिरोलीलाही २०२४ मध्ये १०० जागांचं सुरू झालं. पण कॉलेज जवळ आलं म्हणून नंबर जवळ येत नाही. विदर्भातल्या मुलांना आधार असलेला ७०-३० चा प्रादेशिक कोटा २०२० मध्येच गेला.

मग ड्रॉप. नागपूरचा क्लास, खोलीभाडं, मेस, पुन्हा मे महिना. एक ड्रॉप समजू शकतो. तिसऱ्याला घरातल्या कुणीतरी आडवं यायला हवं.

आडवं येणाऱ्यानं गडचिरोलीतल्या मण्यांची गोष्ट सांगावी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, दोघंही एमडी, जॉन्स हॉपकिन्सला शिकून आलेले. १९८६ मध्ये त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. बाळाचा न्यूमोनिया श्वासाच्या वेगावरून कळतो. पण ज्या सुइणीची मोजणी दहा-बाराच्या पुढं जात नाही तिनं काय करायचं? बंगांनी श्वासमापक बनवला. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाच मणी हिरवे, सहावा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की औषध सुरू.

पुढं ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. त्या घरोघर जाऊन नवजात बाळं तपासत, जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं. आशाताई आज बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्याचं मूळ इथं आहे.

अर्थात मणी सुचला तो डॉक्टरांनाच, आणि अडलेल्या बाईचं सिझर मण्यांनी होत नाही. पण या पट्ट्यातल्या सिकलसेलचं निदान प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाच्या हातून होतं, आणि रात्री दोनला उपकेंद्राचं दार उघडते ती नर्स.

अडचण आहे ती पगाराची, आणि नर्सिंगचे गोडवे गाणारे नेमकं तेच गाळतात. आशाला मानधन, आरोग्य अभियानातली बहुतेक पदं कंत्राटी. ऑगस्ट २०२५ मध्ये हे कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर गेले. मुख्य मागणी कायम करण्याची. उलट सरकारी एमबीबीएसवाल्याला वर्षभराची बंधपत्रित सेवा जाचते, नाही केली तर दंड १० लाख.

शिवाय एक साधी गोष्ट हुकते. फिजिओथेरपीचा प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो, पण बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी. २०२५ मध्ये ती एप्रिलमध्येच उरकली होती. नीटचा निकाल आला १४ जूनला. सीईटीचा फॉर्म ज्यांनी भरलाच नव्हता, त्यांच्यापैकी बरेच जण पुन्हा नागपूरच्या खोल्या बघायला निघाले.